एका तासाच्या कामाला साडेतीन तास का लागले: आपल्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

आपण लिहिलंय, "एक तासाचं काम साडेतीन तास ओढलं, आठशे रुपये जास्त उकळले, आणि पंधरा दिवसांत लॉक अडकलं. कामवाल्या मावशींचं बोट तर घेतच नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यांच्याकडे जाऊ नये."

आधी माफी. आम्ही आपल्या दाराला बसवलेलं स्मार्ट लॉक (बोटाच्या ठशाने, कोडने किंवा कार्डाने उघडणारं) अडकलं आणि भर पावसात आपण स्वतःच्याच दाराबाहेर अडकून पडलात, हे व्हायला नको होतं. ११ ची वेळ देऊन आमची माणसं ११.४० ला पोचली, तीही चूक आमचीच. पण "ओढलं" आणि "उकळले" हे दोन शब्द फार लागले. पुण्यात आमचं दुकान तोंडी शिफारशीवर चालतं आणि हे शब्द वाचून उद्याचं गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे जाईल. म्हणून त्या साडेतीन तासांचा हिशोब इथेच देतो.

११.४० ते ११.५५, पंधरा मिनिटं: मोजमाप. पल्ल्याची जाडी, कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर, दार डाव्या हाताचं की उजव्या, आणि बाहेरच्या सेफ्टी डोअरमधली मोकळी जागा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. लॉकचा बाहेरचा भाग ६० मिलिमीटरच्या आसपास पुढे येतो, आणि दोन दारांत तेवढी जागा नसेल तर सेफ्टी डोअर लागतच नाही. आपल्याकडे ७० होती, म्हणून जमलं.

अडलं ते दुसरीकडे. भाड्याच्या घरासाठी आम्ही सगळ्यांना पहिला पर्याय सांगतो तो सिलिंडर, म्हणजे लॉकचा किल्ली जाते तो सुटा भाग, बदलण्याचा. दारात आधीच युरो सिलिंडरचं मॉर्टाइज लॉक (दाराच्या कडेत खाच करून आत बसवलेलं) असेल तर कडेचा एक लांब स्क्रू काढायचा, जुना सिलिंडर ओढून काढायचा, त्या जागी स्मार्ट सिलिंडर सरकवायचा. वीस-पंचवीस मिनिटांचं काम, एकही नवीन भोक नाही, घर सोडताना जुना सिलिंडर परत जागेवर. हे आपल्या दारात बसेल का ते कळावं म्हणून आम्ही दाराच्या कडेचा फोटो मागितला होता, दोनदा. कडेवरच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या पातळीला, मधोमध एक स्क्रू दिसला तर आत सिलिंडर आहे. दिसला नाही तर बहुधा लांब दांड्याच्या किल्लीचं जुनं लिव्हर लॉक. आपण पाठवलात तो हँडलचा समोरून काढलेला फोटो. त्यावरून आत काय आहे ते कळलं नाही. प्रत्यक्षात आपल्या दारात लिव्हर लॉक निघालं, त्यात सिलिंडर बसवायला जागाच नसते. म्हणजे पूर्ण लॉक बॉडी (दाराच्या आत बसणारी पेटी) बदलणं आलं, आणि नव्या बॉडीची पट्टी जुन्या खाचेपेक्षा ४० मिलिमीटर लांब.

आता ते आठशे रुपये. फिटिंगचे १,५०० ठरले होते ते तयार खाचेसाठी. खाच वाढवायचे ८०० वेगळे लागतील हे आपल्याला ११.५२ ला व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं, आपलं "ओके" आलं, आणि त्यानंतरच पटाशी हातात घेतली. तो मेसेज आपल्याही फोनवर असेल. बिल्डरच्या फ्लश डोअरमध्ये (सपाट पल्ल्याच्या दारात) बऱ्याचदा लॉकच्या जागेपुरताच भरीव लाकडाचा ठोकळा असतो, त्याच्या खाली-वर गेलं की आतून पोकळ किंवा भुसा. तिथे घाईने मशिन चालवलं तर वरचा लॅमिनेट फाटतो, आणि दार आपलं नाही, मालकांचं आहे. म्हणून ही खाच हाताने, थोडी थोडी वाढवावी लागते.

११.५५ ते १२.५०, पंचावन्न मिनिटं: थांबणं. फोनवर आपण "मालकांना सांगितलंय" म्हणाला होतात. पण लेखी काही नव्हतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात बहुधा कलमच असतं की लेखी संमतीशिवाय घरात कायमचा बदल करायचा नाही. भोक पाडल्यावर मालक नाही म्हणाले तर डिपॉझिट आपलं जातं, म्हणून मालकांचा मेसेज येईपर्यंत आम्ही ड्रिल लावलं नाही. मालक मीटिंगमध्ये होते, त्यात त्यांचा काय दोष. पण ही पंचावन्न मिनिटं आम्ही "ओढली" असं कसं म्हणता? त्या वेळेचा एक रुपयाही लावलेला नाही.

१२.५० ते १.५५: जुनं लॉक काढणं, खाच वाढवणं, लॉक आवळणाऱ्या नट-बोल्टची आरपार भोकं, केबलचं भोक, चौकटीतला कप्पा. आपल्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल बंद. त्यामुळे आवाजाचं सगळं काम पासष्ट मिनिटांत बसवावं लागलं.

१.५५ ते २.३०: जोडणी आणि दार उघडं ठेवून चाचणी. हे महत्त्वाचं असतं. दार बंद करून पहिली चाचणी घेतली आणि केबल दबलेली निघाली, तर आतलेच लोक अडकतात.

२.३० ते ३.१०: बोटं, कोड आणि वाय-फाय. यातली पंचवीस मिनिटं नुसत्या वाय-फायला गेली. लॉक फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतं, आपल्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने होते, आणि ते वेगळे करायचा पासवर्ड आपल्या फ्लॅटमेटकडे.

बेरीज साडेतीन तासच येते. पण त्यात आमचं हातातलं काम २ तास ३५ मिनिटं. खाचेची चाळीस आणि वाय-फायची पंचवीस मिनिटं काढली तर दीड तास उरतो. फोनवर "एक तास" सांगितलं ते कमीच सांगितलं, हे मान्य करतो. दीड तास सांगायला हवं होतं.

आता लॉक का अडकलं. इथे आमची चूक आहे आणि ती लपवणार नाही. चौकटीतल्या स्ट्राइक प्लेटच्या (लॉकचा दांडा ज्यात शिरतो ती पट्टी) भोकात त्या दांड्याभोवती, म्हणजे बोल्टभोवती, १ मिलिमीटरच जागा राहिली. जूनमध्ये बसवताना ती २ ते ३ हवी, कारण पावसाची दमट हवा लागली की पल्ला फुगतो आणि बोल्ट प्लेटच्या काठाला घासायला लागतो. दोनच्या आत ड्रिल संपवायच्या घाईत तेवढी कानस मारायची राहून गेली.

त्यात आपण घेतलेलं लॉक पूर्ण ऑटोमॅटिक. आम्ही हँडल दाबून उघडायचं लॉक सुचवलं होतं. त्यात मोटर फक्त क्लच (हँडल आणि बोल्ट यांना जोडणारा भाग) जोडते, बोल्ट आपल्या हाताच्या जोराने सरकतो, म्हणून थोडं घासलं तरी उघडतं. ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट ओढायचं कामही मोटरचंच. तो दाबला गेला की मोटर जोर लावत राहते, लॉक बीप देतं आणि सेल उतरतात.

सेलचं मात्र सांगायलाच हवं. आम्ही आठ अल्कलाइन सेल घालून दिले होते. आपण नंतर त्या जागी चार्जिंगचे घातलेत, हे आपल्याच रिव्ह्यूतल्या फोटोत दिसतं. ते १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. लॉक व्होल्टेज बघून अंदाज बांधतं, म्हणून चार्जिंगचे सेल भरलेले असले तरी "बॅटरी लो" येत राहतं आणि मोटरला जोरही कमी मिळतो. आठही सेल एकदम, एकाच कंपनीचे, नवे अल्कलाइन घालावेत.

मावशींच्या बोटाबद्दल: दिवसभर पाण्यात आणि साबणात हात असले की बोटांवरच्या रेषा झिजतात. यात लॉकचा दोष नाही आणि मावशींचा तर नाहीच. हात कोरडे असताना दोन्ही अंगठे नोंदवा, एकेक अंगठा दोनदा, थोडा तिरका धरून. तरीही घेतलं नाही तर त्यांना कार्ड द्या. सोबत तीन कार्डं दिली आहेत. आपल्या जाण्या-येण्याचा कोड त्यांना देऊ नका, त्यांच्यासाठी वेगळा कोड ठेवा, म्हणजे गरज पडली तर तेवढाच बंद करता येतो.

शनिवारी ११ ते १ मध्ये आमचे मिस्त्री येतील, पैसे लागणार नाहीत. प्लेटला कानस मारतील, बिजागरीचे स्क्रू आवळतील, आठ सेल आम्ही आणू. तोवर लॉक अडकलं तर हँडल धरून दार स्वतःकडे ओढा किंवा आत दाबा, बोल्ट मोकळा होतो, आणि त्याच वेळी कोड टाका. सेल पूर्ण उतरले तर खालच्या टाइप-सी पोर्टला पॉवर बँक लावा. त्याने सेल चार्ज होत नाहीत, तेवढ्यापुरतं दार उघडतं. आणि कृपा करून लॉकच्या दोन्ही किल्ल्या घरात ठेवू नका. आपण अडकलात त्या दिवशी दोन्ही आतच होत्या. एक मालकांना द्या.

जुनं लॉक, हँडल आणि स्क्रू एका पिशवीत घालून आपल्या शू-रॅकवर ठेवले होते, ते टाकू नका. घर सोडताना आधी ॲपमधून लॉक काढून टाका, मग रिसेट करा, नाहीतर ते आपल्याच खात्याला अडकून राहतं आणि दुसऱ्या घरात चालत नाही. जुनी बॉडी परत बसेल, वाढवलेल्या खाचेत लाकडाची पट्टी भरावी लागेल. तेव्हा फोन करा, त्याचं काय ते बघू. बुकिंगच्या वेळी कडेचा फोटो आणि मालकांचा मेसेज आल्याशिवाय तारीख द्यायची नाही असं दुकानात सांगितलं आहे, बाकीही काही सुधारणा करतो आहोत.

स्टार वाढवा असं म्हणत नाही, तो आपला अधिकार आहे. लॉक अडकल्याचं लिहिलंत ते खरं आहे, ते राहू द्या. फक्त ११.५२ चा मेसेज एकदा उघडून बघा, आणि पटलं तर "उकळले" हा शब्द तेवढा काढा.

आपला,
दुकानाचा मालक