दोष गावाचा नाही, पगाराचा आहे
अमेरिकेतल्या गरीब ग्रामीण भागात शिक्षक टिकत नाहीत, कारण तिथे राहायला कंटाळतात, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मूळ दुखणं पैशाचं आहे. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करावर चालतो. जिथे जमिनीलाच भाव नाही, तिथे कर वाढवून वाढवून किती वाढवणार?

टेक्सासचं १९७३ चं रॉड्रिग्ज प्रकरण आठवा, याच करपद्धतीविरुद्ध गरीब पालकांनी लढवलेला खटला. सॅन अँटोनियोतल्या गरीब एजवूड या शाळा-विभागात कर मालमत्तेच्या शंभर डॉलर किमतीमागे १.०५ डॉलर, त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. तरी त्या करातून दर मुलामागे एजवूडला २६ डॉलर मिळायचे आणि अलामो हाइट्सला ३३३! सर्वोच्च न्यायालयाने तरीही ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत कायम ठेवली. ते शहर होतं हे खरं, पण गावाकडेही गणित तेच.

नॉर्थ कॅरोलिनात मूळ पगार राज्य देतं, वरची भर काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, घालते. श्रीमंत वेक काउंटीत ती भरघोस, गरीब काउंटीत नाममात्र. हद्द ओलांडली की त्याच कामाचे जास्त पैसे मिळणार असतील, तर घरभाडं आणि शिक्षणकर्जाचा हप्ता भरणारी नवी शिक्षिका काय करेल? दोन वर्षांत हात बसेल आणि ती जाईल. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. जीव तुटतो तो वर्गातल्या मुलांसाठी. दर जूनमध्ये निरोप आणि ऑगस्टमध्ये पुन्हा नवा चेहरा, तोही कधी तात्पुरत्या बदली शिक्षकाचा.