गुण यंत्राचे, बोलणी माझी

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर सांभाळते. मध्यंतरी साहेबांनी अर्ज छाननीसाठी एआय आणलं. ते बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, एआय फक्त सुचवणार. निर्णय तुमचाच." साहेब इतके खूश झाले, की माझ्या हाताखालच्या मुलीला त्यांनी त्याच दिवशी पेरोलला हलवलं.

एआय प्रत्येक अर्जाला शंभरपैकी गुण देतं. छत्तीस गुण जुळलेली जोडपीही भांडी आपटतातच की, पण साहेबांना हे कोण सांगणार! फिटरच्या जागेसाठी चौऱ्याण्णव गुणांचा उमेदवार आला. अर्जात 'रिझल्ट-ओरिएंटेड', 'क्रॉस-फंक्शनल', सगळं जागच्या जागी. हातात मापं घ्यायचा साधा व्हर्नियर दिला, तर चालू करायचं बटण शोधत बसला. अर्ज चॅटजीपीटीने लिहिलेला, आमच्या एआयने वाचलेला. दोघांचं छान जमलं, चहा-बिस्किटांचा खर्च तेवढा कंपनीला पडला.

खेडकडचा आयटीआय झालेला एक पोरगा मात्र अकरा गुणांवर आपटला. त्याच्या कागदावर मथळा 'बायोडाटा', वर '॥ श्री ॥', आणि अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ : 'लेथ येते.' फोरमनकाकांनी त्याला लेथवर उभं केलं आणि दहा मिनिटांत माझ्याकडे येऊन विचारलं, "याला नापास कुठल्या शहाण्याने केलं?" न्यूयॉर्क शहरात असल्या यंत्रांची दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते, २०२३पासून तसा कायदाच लागू आहे. आमच्याकडे ते काम काका करतात. फुकट, आणि शिव्यांसकट.

तरी एआय बसवायला आलेल्या त्या मुलाने सुचवलं होतं, "मॅडम, तुमच्या जुन्या भरत्यांवरून शिकवू या का त्याला?" ॲमेझॉनने हेच केलं होतं. दहा वर्षांचे जुने अर्ज यंत्राला खाऊ घातले. त्यात बहुतेक पुरुषांचेच, म्हणून अर्जात 'वीमेन्स' शब्द दिसला की ते गुण कापू लागलं. शेवटी गुंडाळावं लागलं. २०१८ साली रॉयटर्सच्या बातमीने ते जगजाहीर झालं. मी घाईघाईने नको म्हटलं. आमच्या निम्म्या भरत्या साहेबांच्या साडूंच्या शिफारशीने झाल्यात. यंत्राने 'साडू' हाच कीवर्ड धरला असता.

'निर्णय तुमचाच' म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. माणूस चांगला निघाला, की साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, "बघा, एआय!" महिन्याभरात पळून गेला, की, "मॅडम, तुम्ही बघितलं नव्हतं का?" आणि नापासांचे फोन तर माझ्याच मोबाइलवर. परवा एका आईंनी गळ घातली, "ताई, कॉम्प्युटरला जरा सांगून बघा ना."

"मावशी, तो माझं ऐकत नाही हो."

"मग कोणाचं ऐकतो? त्यांचा नंबर द्या."

मी साहेबांचा दिला.