रिव्ह्यूला उत्तर : कंसातलं १२० आणि आमचे फोन

नमस्कार. “ड्रॉइंगवर लांबी १२०, हातात आली १२०.२. यांना ड्रॉइंग वाचता येत नाही, आणि वर फोन करून फालतू प्रश्न विचारतात,” असं लिहून तुम्ही आमच्या मशीन शॉपला एक स्टार दिला आहे.

तुमच्या फ्लँज-शाफ्टच्या (रुंद चकती असलेल्या दांड्याच्या) ड्रॉइंगवर १२० मिमी हे माप कंसात आहे, शेजारी ‘आरईएफ’, म्हणजे रेफरन्स. म्हणजे ते माप नुसतं माहितीपुरतं. त्याला टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल याची मर्यादा, नसतो आणि त्यावरून पार्ट पास-नापास होत नाही. टायटल ब्लॉकमधला (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतला) जनरल टॉलरन्ससुद्धा कंसातल्या मापाला लागत नाही; हे भल्याभल्या डिझायनरांच्या ध्यानात नसतं. टॉलरन्स दिला होता तो स्टेपना, म्हणजे लांबीतल्या एकेका टप्प्याला : ३५, ६० आणि फ्लँजची जाडी २५, प्रत्येकी ±०.१. त्या भरल्या ३५.०७, ६०.०६ आणि २५.०७. तिन्ही मापात, बेरीज १२०.२०. या ड्रॉइंगप्रमाणे ११९.७ पासून १२०.३ पर्यंत कुठलीही लांबी चालते. १२० नेमकं हवं असेल तर टॉलरन्स त्यालाच द्यायचा आणि एखादी बिनकामाची स्टेप कंसात टाकायची.

आता फोनचं. फ्लँजला आठ भोकं, त्यातली सहा पीसीडी ८० वर (म्हणजे त्यांचे मध्य ८० व्यासाच्या वर्तुळावर), दोन त्याच्या बाहेर. काउंटरबोअरचं (बोल्टचं डोकं आत बसावं म्हणून भोकाचं तोंड मोठं करतात, त्याचं) माप एकाच भोकाला आणि पुढे ‘टीवायपी’, म्हणजे टिपिकल, ‘अशा बाकीच्यांनाही हेच’. आता हे ‘टीवायपी’ सहांना की आठांना? कागद पाहून कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. म्हणून विचारलं, तर तुमच्याकडून उत्तर आलं, “फक्त सहांना.” आम्ही गप्प बसून आठांनाही काउंटरबोअर मारलं असतं तर गेलेला धातू परत भरता आला नसता. ‘टीवायपी’ऐवजी ‘६ एक्स’ (सहा ठिकाणी) लिहिलं असतं तर फोनच लागला नसता. असे फोन पुढेही येतील, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

हातातले पार्ट १२० वर आणायचे असतील तर शाफ्टच्या मोकळ्या टोकाला ०.२ फेसिंग करता येईल, म्हणजे टोक तेवढं कापून घेता येईल. पण मग ३५ ची स्टेप ३४.८७ होईल, म्हणजे तुमच्याच टॉलरन्सबाहेर. ते चालणार असेल तर तसं लेखी कळवा किंवा सुधारित ड्रॉइंग पाठवा. काम लगेच मशीनवर घेतो.