‘जोडीदाराला काही विचारू नका’ या सल्ल्याचा समाचार

‘नाशिकच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या शहरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. लिंगसंक्रमण केलेल्या व्यक्तीबरोबर संसार करणाऱ्यांसाठी त्यात पाच ‘सत्ये’ दिली आहेत: संप्रेरके (हार्मोन्स) सुरू झाली की कामेच्छा कायमची मरते; शस्त्रक्रियेनंतर त्या भागाला काहीच जाणवत नाही; पाळी थांबली की गर्भधारणेची भीती उरत नाही; जोडीदाराने शरीराविषयी आणि शरीरसंबंधांविषयी कधीही विचारू नये, कारण प्रश्न हाच घाव असतो; आणि असे नाते मुळात कायद्याला मान्यच नाही. डॉक्टरांचे नाव नाही, दवाखान्याचा पत्ता नाही, शेवटी मात्र हा मजकूर दहा जणांना पाठवण्याची आज्ञा आहे. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या शहराच्या नावावर हे खपवले जावे, याची चीड येते.

एरवी मी तो पुसून टाकला असता. पण तो माझ्या मावसबहिणीपर्यंत पोहोचला. तिचा जोडीदार ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष. दोघे इंदिरानगरला राहतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तो जवळ येणे टाळू लागला आणि तिने ते मनाला लावून घेतले. विचारावे की विचारू नये या घालमेलीत असताना हा संदेश तिच्या हाती पडला, आणि तिने मला लिहिले, “ताई, मग मी गप्पच बसायचं ना?” त्या दोघांच्या संमतीने एवढेच सांगते, पुढचे सगळे संदेशाविषयी.

चौथे ‘सत्य’ आधी घेते, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करते. त्यात अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी एखाद्या ट्रान्स व्यक्तीला “ऑपरेशन झालं का?” असे विचारणे हा निव्वळ उद्धटपणा आहे, आणि असे प्रश्न झेलून झेलून ती माणसे थकलेली असतात. पण परक्यांनी पाळायची ही मर्यादा उचलून संदेशकर्त्याने थेट शयनगृहात नेऊन ठेवली आहे. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संस्थेने २०२२ साली आपल्या उपचार-मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत लैंगिक आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. उपचारांचा लैंगिक क्रियेवर, सुखावर आणि समाधानावर काय परिणाम होतो याची चर्चा डॉक्टरांनी रुग्णाशी करावी, आणि योग्य असेल तेथे जोडीदारालाही त्या चर्चेत सामील करून घेण्याची तयारी दाखवावी, असे ते प्रकरण सांगते. जी गोष्ट दवाखान्यात दोघांना समोर बसवून बोलायची आहे, तिच्यावर घरात मौन पाळा, असा आमच्या या अनामिक ज्येष्ठांचा सल्ला आहे.

या मौनात प्रत्यक्षात काय घडते, ते पाहावे. टेस्टोस्टेरॉनमुळे पहिल्या एक ते सहा महिन्यांत योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होऊ लागते. स्पर्श दुखू लागतो, म्हणून ट्रान्स पुरुष मागे सरतो. त्याच्या जोडीदार स्त्रीला वाटते, आपल्यावरचे मन उडाले. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर व्रण दुखतील या भीतीने ती हात आखडता घेते. त्याला वाटते, तिला किळस येते. ट्रान्स स्त्रीच्या (जन्मतः मुलगा म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रीच्या) बाबतीत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन रोखणारी औषधे सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांतच आपोआप येणारी ताठरता कमी होते, आणि तिची जोडीदार ते स्वतःच्या रूपावरचे मत समजून बसते. तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते, तेव्हा साधी मिठीही दुखू शकते. यांतल्या कोरडेपणावर आणि वेदनेवर उपाय आहेत. पाण्याचा आधार असलेले वंगण औषधांच्या दुकानात मिळते. (खोबरेल तेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तेलाने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटतो.) कोरडेपणा जास्त असेल, तर डॉक्टर इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम देतात. ‘इस्ट्रोजेन’ म्हटले की अनेक ट्रान्स पुरुष दचकतात. पण कमी मात्रेचे हे मलम मुख्यतः लावलेल्या जागीच काम करते, त्याने दाढी जात नाही आणि आवाज पुन्हा बारीक होत नाही. मात्र हे मलम लिहून मिळण्याआधी दुखते आहे हे कोणीतरी बोलावे लागते, आणि पहिल्यांदा ते बहुधा जोडीदारापाशीच बोलले जाते.

कसे बोलावे, हा प्रश्न खरा आहे. अंथरुणात, कपडे उतरवताना किंवा नुकताच नकार मिळालेला असताना हा विषय काढू नये. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासूबाई जाग्या असताना, तो निघणारही नाही. सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या काठाला जाऊन बसावे. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना जीभ लवकर सुटते, असा माझा अनुभव आहे. सुरुवात स्वतःपासून करावी: मला काय आवडते, कशाची भीती वाटते, कशाबद्दल मी गोंधळले आहे. मग विचारावे: कोठे स्पर्श चालेल, कोठे नको, छाती आवळणारे कापड अंगावर ठेवायचे का, दिवा हवा की नको, कोणत्या अवयवाला काय म्हणायचे, आणि मध्येच थांबायचे असेल तर ते कसे कळवायचे. “आत्ता नको, नंतर सांगतो” हेही उत्तर आहे आणि ते जसेच्या तसे स्वीकारावे. एकदा बोलून हा विषय संपत नाही, कारण संप्रेरकांचे बदल दोन-तीन वर्षे आणि काही बाबतींत त्याहून अधिक काळ चालू राहतात. जो स्पर्श गेल्या वर्षी नकोसा होता, तो आज हवासा असू शकतो, आणि उलटेही घडते.

जोडीदारालाही मन असते, हे संदेशकर्त्याच्या गावीच नाही. जुना आवाज आठवून डोळे भरून येणे, आपल्या आकर्षणाचे आता काय होईल अशी शंका येणे, आपल्याला लोक कोणत्या नात्याने ओळखतील याचा विचार येणे, यांत अपराध काहीच नाही. हे बोलून दाखवता आले पाहिजे. फक्त ते उपचार थांबवण्याची मागणी म्हणून पुढे करू नये. ऐकणाऱ्याने तेवढा वेळ आपले दुःख बाजूला ठेवावे, हेही सोपे नाही. दोघांना जमत नसेल, तर समुपदेशकाकडे जावे. मात्र ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये. असे ‘रूपांतरण उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच सांगितले आहे.

आता पाळीचा मुद्दा. तो नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबते, हे खरे. पण पाळी थांबली तरी बीज बाहेर पडू शकते, आणि गर्भाशय व अंडाशय शाबूत असलेल्या ट्रान्स पुरुषाला शुक्रजंतू असलेल्या जोडीदारापासून गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. शिवाय ते वाढत्या गर्भाला अपायकारक आहे, त्यामुळे उशिरा लक्षात आलेली गर्भधारणा दुहेरी संकट ठरते. निरोध, तांबी, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन असे पर्याय आहेत आणि टेस्टोस्टेरॉन चालू असतानाही त्यांचा विचार करता येतो. कोणता योग्य, ते डॉक्टरांशी ठरवावे. इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रीच्या शुक्रजंतूंची संख्या घटते, पण त्यावरही विसंबता येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मराठीत असा मजकूर ‘वैद्यकीय सल्ला’ म्हणून फिरावा, याला काय म्हणावे?

पहिल्या दोन मुद्द्यांना फार शाई नको. इस्ट्रोजेनने इच्छा अनेकदा मंदावते, एवढे मान्य. ‘कायमची मरते’ हे मात्र पदरचे आहे. अनेकींची इच्छा पुढे वेगळ्या रीतीने परतते, मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलता येते, आणि टेस्टोस्टेरॉनने तर इच्छा बहुधा वाढते. शस्त्रक्रियेबाबत बोलायचे, तर ट्रान्स स्त्रीची योनिरचना करताना शिश्नाग्राचा भाग त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्यांसह जपून त्यापासून क्लिटोरिस (योनीच्या वरच्या बाजूचा संवेदनशील अवयव) घडवतात, ते संवेदनेसाठीच. जखम भरण्यासाठी साधारण तीन महिने थांबावे लागते, डायलेशन (नवा योनिमार्ग आकसू नये म्हणून त्यात ठरावीक वेळ नळी घालून ठेवणे) दीर्घकाळ करावे लागते, आणि वंगण बहुधा लागतेच. छातीच्या शस्त्रक्रियेत स्तनाग्रे काढून पुन्हा बसवली, तर तेथली संवेदना पुष्कळदा कमी होते, तेवढ्यापुरते संदेशातले विधान खरे आहे.

कायद्याचे म्हणाल, तर प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’मध्ये ट्रान्स स्त्रीचाही समावेश होतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. पण भिन्नलिंगी नात्यातील ट्रान्स व्यक्तींना सध्याच्या कायद्यांखाली विवाह करता येतो, हे त्याच निकालात नमूद आहे. माझ्या बहिणीसारख्या जोडप्यांची नोंदणी कार्यालयात अडवणूक झालीच, तर २०१९ आणि २०२३ च्या या दोन्ही निकालांच्या प्रती सोबत असाव्यात.