मुहूर्त आणि काळा टी-शर्ट

लग्नाच्या छायाचित्रणात नव्याने उतरणाऱ्या आपणास पहिली गोष्ट सांगावयाची ती ही, की लग्न वधूवरांचे असते हा समज कार्यालयाबाहेर चपलांपाशीच काढून ठेवावा. साखरपुडा, मेंदी, संगीत, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि वरात या सर्व ठिकाणी आरंभापासून अखेरपर्यंत हजर असणारे गृहस्थ आपणच असता. मुलीच्या सख्ख्या काकांनाही तेवढी रजा मिळत नाही. रोलमध्ये 36 फोटो मावत, त्या काळी छायाचित्रकार बिचारा बटण दाबण्यापूर्वी विचार करीत असे. ती वेळ आपल्यावर आलेली नाही.

प्रारंभ अर्थातच प्री-वेडिंगने करावा. जोडप्याला काशीदच्या किनाऱ्यावर न्यावे आणि नियोजित वधूच्या लांबलचक गाऊनचा घेर हवेत फेकून चौकटीबाहेर पळण्याचे काम तिच्या धाकट्या भावाला द्यावे. त्याचा पुढे लाजाहोमाच्या वेळी लाह्या घालण्यास आणि नवरदेवाचा कान पिळण्यास उपयोग आहेच, त्यामुळे त्याची धाप लागण्याची सवय आधीच झालेली बरी. हळदीच्या दिवशी नवऱ्याची उष्टी हळद येईपर्यंत खोळंबून राहू नये. पिवळ्या पडद्यासमोर सर्वांना पिवळे कपडे घालून उभे केले आणि वरून पाकळ्या उधळल्या की विधी पार पडला.

खरी कसोटी मुहूर्ताची. शेवटची मंगलाष्टका संपत आली, मामा मुलीच्या मागे उभे राहिले आणि सभागृहातील तमाम मंडळी मुठीत अक्षता धरून टाचा उंचावू लागली, की आपल्या पथकातील ट्रॅडिशनलवाले, नकळत फोटो टिपणारे कँडिडवाले आणि कॅमेरा स्थिर धरणारा दांडा घेतलेले गिंबलवाले अशा सर्वांनी काळे टी-शर्ट घालून व्यासपीठाच्या कडेला भिंतीसारखे उभे राहावे. पाहुण्यांना पडद्यावर सर्व काही दिसतेच, त्यासाठी त्यांनी समोर पाहण्याचे कारण नाही. ‘सावधान’ झाले, अंतरपाट सरकला आणि नेमका त्या क्षणी नवरीने डोळा मिटला, तर संकोच न करता गुरुजींना अंतरपाट पुन्हा धरावयास सांगावे. गुरुजी त्रासिक चेहऱ्याने घड्याळाकडे पाहतील. तोही फोटो घ्यावा, कँडिड म्हणून खपतो. तांदळाच्या सात राशींवरून वधूचे पाऊल फार भरभर पडत असेल, तर सप्तपदीही तिसऱ्या पावलापासून पुन्हा घेता येते; अग्नीला घाई नसते, घाई पंगतीला असते.

यथावकाश हजारो फोटो पाठवून ‘अल्बमसाठी दीडशे निवडा’ असे कळवावे. जोडपे नोकरीचे असल्याने ही निवड पुढील दिवाळीपर्यंत होत नाही आणि विलंबाचे खापर आपोआप त्यांच्यावर फुटते.

मात्र मुलीची आजी मधूनच फोन करील. व्यासपीठाच्या खाली, तिसऱ्या खुर्चीवर बसून तिने मुठीतल्या अक्षता अंदाजानेच टाकल्या होत्या. देवघराशेजारी लावण्यासाठी तिला मुहूर्ताचा एकच फोटो हवा असेल. आपण सगळे फोटो चाळाल आणि वधूवरांच्या मधोमध प्रत्येक फोटोत आपल्याच एका सहकाऱ्याची काळी पाठ आढळेल. आजींना नम्रपणे सांगावे, की ती पाठ एडिटिंगमध्ये काढता येते, फक्त त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नाहीत.