गॅस भरला आणि सर्व्हर पळायला लागला

काल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, 'सिस्टिम एकदम स्मूद चालतेय, थँक्स!', खाली अंगठ्यांची रांग, आणि हे थँक्स कुणाला तर एसीवाल्याला. तो ग्रुपमध्येसुद्धा नाही. मी आहे.

थोडक्यात सांगतो. आमची कंपनी नाशिकच्या अंबडला एमआयडीसीत, मी तिथला आयटीवाला. दोन सर्व्हर, त्यांच्यावर सगळ्या व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या खाली मिळून एकच स्टोरेज, त्यात ७२०० आरपीएमच्या बारा डिस्क. असली एक डिस्क सेकंदाला ७५ ते १०० वेळा वाचणार किंवा लिहिणार, फिरणारी तबकडीच ती, जास्त काय करणार. वर रेड सिक्स, दोन डिस्क मेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी, म्हणजे एक छोटंसं काही लिहायचं म्हटलं तरी खाली सहा उठाठेवी. अशा गरिबीत ॲडमिन डिपार्टमेंटने मला न विचारता सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगची व्हीएम त्याच स्टोरेजवर टाकून घेतली. गेट, पार्किंग, कँटीन, सगळे कॅमेरे चोवीस तास लिहितायत. मंथ-एंडला ईआरपी, ज्यावर कंपनीचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर, झोपलं. लेटन्सी, म्हणजे स्टोरेजला काम सांगितल्यापासून उत्तर यायला लागणारा वेळ, बघितली तर १८० मिलिसेकंद, जिथे ३० झाले तरी मला धडधडायला लागतं.

आता प्रत्येक व्हीएमच्या डिस्कला शेअर्स, म्हणजे स्टोरेजमधला वाटा, देता येतात, लो म्हणजे ५००, नॉर्मल १०००, हाय २०००. गर्दी नसेल तर त्यांना कुणी विचारत नाही, गर्दी झाली की त्या प्रमाणात वाटणी. ही गोष्ट कशी फुटली देव जाणे, पण अकाउंट्सच्या मॅडम आल्या, "आम्हाला हाय कर बरं का", मग डिस्पॅच, मग एचआर. एचआरला कसली घाई? सगळेच २००० झाले तर वाटणी होती तीच राहते हे मी समजावलं. "ते असू दे, पण आम्हाला कर."

आणि खरी गोम पुढेच. हे शेअर्स एका सर्व्हरच्या आतल्या आत चालतात. सीसीटीव्ही बसलाय दुसऱ्या सर्व्हरवर, एकटा, ऐसपैस, त्याला इकडच्या २००० शी काय घेणं? दोन्ही सर्व्हर मिळून नियम लावायचा तर स्टोरेज आय/ओ कंट्रोल लागतो. तो २०१० मध्ये व्हीस्फिअर ४.१ बरोबर आला, व्हीस्फिअर म्हणजे ह्या व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. लेटन्सी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली, ४.१ मध्ये डिफॉल्ट ३० मिलिसेकंद, की तो प्रत्येक सर्व्हरची रांग शेअर्सच्या हिशोबाने आखडतो. गंगापूर-दारणाचं पाणी जायकवाडीला सोडायचा नियम आहे ना, १५ ऑक्टोबरला तिथे ६५ टक्के नसेल तर वरच्यांनी हात आखडायचा, तसलंच हे. त्या नियमाला नाशिककर म्हणून मी दर वर्षी शिव्या घालतो आणि ऑफिसात तोच नियम हात जोडून मागतोय. मिळत नाही, कारण त्याला एंटरप्राइज प्लस लायसन्स लागतं आणि आमच्याकडे स्टँडर्ड. ते सुद्धा किती रडून मिळालंय.

मग राहिला एकच उपाय, सीसीटीव्हीच्या डिस्कला हाताने आयओपीएसची, म्हणजे सेकंदाला किती वेळा वाचायचं-लिहायचं ह्याची, लिमिट घालायची. त्यासाठी सर्व्हर रूममध्ये बसलो, तर तिथे एसीवाला. टेबलावर चढलेला, तोंडात स्क्रू.

"साहेब, किती वेळ झाला हे दिवे लावून?"

म्हटलं कसले दिवे. त्याने पान्याने स्टोरेजकडे दाखवलं. "हे हिरवे. नुसते फडफडतायत. दमलंय ते."

मी म्हटलं हो, लोड आहे.

"लोड नाही साहेब, गॅस कमी आहे."

"स्टोरेजला गॅस नसतो."

"गॅस सगळ्याला असतो," असं म्हणून तो खाली उतरला, स्टोरेजवर तळहात ठेवला, डोळे मिटले, डॉक्टरसुद्धा पेशंटला इतका वेळ देत नाहीत हल्ली. मग म्हणाला, "आत काय काय आहे?" मी, मूर्खासारखा म्हणणार होतो पण मूर्ख नाही, फक्त किती तरी दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. व्हीएम, शेअर्स, कॅमेरे. त्याने नीट ऐकलं. आमच्या सरांनी इतकं कधीच ऐकलेलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हंजे कॅमेरेवाला जास्त खातो." बरोबर! "आन् त्याला कुणी बोलत नाही." एकदम बरोबर! "मग त्याचा कॉक थोडा बंद करा." मला गहिवरून आलं. मी म्हटलं तेच करतोय, आणि एंटर दाबला. नेमका त्याच क्षणी त्याने गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, सुस्स आवाज झाला, लेटन्सी १८० वरून १२ वर आली आणि दारात सर उभे.

सरांनी ऐकलं ते फक्त सुस्स.

"वा! बघ, गॅसच होता," सर मला म्हणाले. मी लिमिटचं सांगायला लागलो. "हो हो, ते पण असेल." एसीवाला बिचारा सज्जन, म्हणाला "साहेबांनी पण कायतरी केलं." कायतरी! त्याला चहा आला, बिल त्याच दिवशी पास, वर वर्षाचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट. माझं एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचं, कोटेशन गेल्या दिवाळीपासून पर्चेसला पडून आहे, त्यावर शेरा आहे 'गरज स्पष्ट करावी'. काय स्पष्ट करू, सुस्स करू?

एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. लिमिटला अक्कल नसते. रात्री सगळं रिकामं असतं तरी ती सीसीटीव्हीला तेवढंच देते, त्यामुळे आता फुटेज अडकतं, माणूस गेटमध्ये दिसतो आणि एकदम कँटीनमध्ये. सिक्युरिटीची लेखी तक्रार आली, माझ्या नावाने, ह्यात मात्र गॅसचा काही संबंध नाही. म्हणून रोज संध्याकाळी घरी गेल्यावर जेवणाआधी लिमिट काढतो, सकाळी ऑफिसात शिरायच्या आत घालतो, रविवारी पण, ह्याचा ओव्हरटाइम वगैरे शब्द सुद्धा काढायचा नाही. आज हे सरांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एवढं काय टेन्शन घेतोस? सगळ्यांनाच हाय करून टाक ना."