पदक नको, प्रयोग द्या

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचा नवा सीझन सुरू झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो या शोजनी पोरांचा रियाज संपवला, दोन मिनिटांचं गाणं, मग परीक्षकांचं कौतुक, मग मतं मागायची, आणि दुसरा गट म्हणतो की 2008-09 ला लिटिल चॅम्प्स झालं नसतं तर निम्म्या पोरांनी नाट्यगीत कधी कानावर तरी घेतलं असतं का. मी मँचेस्टरजवळ राहते, वेळेच्या फरकामुळे सकाळी उठून हे सगळं एकदम वाचते, आणि दोन्हीकडचं मला थोडं थोडं पटतंही. पण या शेकडो मेसेजमध्ये एक प्रश्न कुणी विचारत नाही की बाबा, जिंकणाऱ्याला मिळतं काय? रोख रक्कम, ट्रॉफी, फार तर एक अल्बम. गायला कुठे मिळतं पुढे?

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे इथली एक जुनी मालिका. ऑपेराट्युनिटी नावाची, 2003 साली चॅनल फोरवर लागली होती. इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही लंडनची व्यावसायिक कंपनी, जी ऑपेरे, म्हणजे अख्खी गाऊन करायची पाश्चात्त्य संगीत नाटकं, बहुतेक करून इंग्रजीत गाते, तिने आणि चॅनलने मिळून हौशी गायकांना बोलावलं. पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करणारे, बाथरूममध्ये, चर्चमध्ये, गावातल्या मंडळात गाणारे लोक. हजारोंनी अर्ज केले. प्रेक्षकांची मतं वगैरे काही नाही, निवड ऑपेरात काम करणाऱ्या माणसांनीच केली. आणि बक्षीस काय, तर व्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या रिगोलेत्तो या ऑपेरामध्ये कंपनीच्या नेहमीच्या गायकांबरोबर, पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर, एक खरा प्रयोग. बास. जिंकल्या दोघी. डेनिस ली, जन्मापासून अंध, तीन मुलांची आई, आणि जेन गिलख्रिस्ट, सुपरमार्केटमध्ये बिलाच्या काउंटरवर बसणारी, तिलाही घरी मुलंबाळं. परीक्षकांना एकीला निवडता येईना म्हणून एकाच प्रयोगात दोघींनी जिल्डाची, म्हणजे रिगोलेत्तोच्या मुलीची, भूमिका वाटून घेतली.

आता जिल्डा म्हणजे काय काम आहे ते सांगते, कारण त्याशिवाय या बक्षिसाची किंमत कळत नाही. ऑपेरात माइक नसतो. लंडनच्या कोलिसियममध्ये 2,300 च्या वर खुर्च्या आहेत, समोर खड्ड्यात ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि त्याच्यावरून शेवटच्या बाल्कनीपर्यंत आवाज पोचवायचा, तोही ओरडून नाही तर अगदी हळुवार तान घेताना. दुसऱ्या प्रवेशात जिल्डा एकटीच रंगमंचावर असते, प्रियकराचं नाव घेऊन गाते, आणि तिथे सूर इतके बारीक आणि इतके वर जातात की दम जरा कमी पडला तर लगेच उघडं पडतं. लपायला जागाच नाही. शेवटी तर मरता मरता गायचं, पोत्यात घालून आणलेलं असताना. आणि दिग्दर्शक जोनाथन मिलरने 1982 मध्ये बसवलेलं हे नाटक, सगळी गोष्ट इटलीच्या दरबारातून उचलून 1950 च्या न्यूयॉर्कमधल्या माफियात नेलेली, तिथे ड्यूक, म्हणजे जिल्डाचा तो प्रियकर, बारमध्ये ज्यूकबॉक्स लावून आपलं प्रसिद्ध गाणं गातो. म्हणजे नुसतं उभं राहून गायचं नाहीच, जिने, दारं, टेबलखुर्च्या, समोरचा माणूस कुठे वळणार, सगळं. डेनिसला हे काहीही दिसत नव्हतं. सेट पायांनी पाठ करायचा आणि वरून तो दम सांभाळायचा, मला विचार करूनच घाम फुटतो.

यातला मुद्दा असा आहे की या बायकांना कुणी दया म्हणून उभं केलं नाही. आवाज कसा टाकायचा, श्वास कुठे घ्यायचा, अभिनय, चालणं, सगळं शिकवणारी माणसं दिली, तालमी घेतल्या, आणि मग तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर सोडलं. कंपनीनेही आपलं नाव पणाला लावलं. ही जबाबदारी मला फार महत्त्वाची वाटते. स्पर्धा घेणारा माणूस जेव्हा म्हणतो की तू जिंकलीस तर माझ्याच रंगमंचावर मुख्य भूमिका करशील, तेव्हा त्याला शिकवावं लागतं, नुसतं कौतुक करून भागत नाही.

याच्यासमोर पॉल पॉट्स ठेवून बघा. मोबाइलच्या दुकानात काम करणारा, 2007 च्या ब्रिटन्स गॉट टॅलेंट या टीव्हीवरच्या स्पर्धेत पुच्चिनीच्या ऑपेरातलं एक गाणं म्हणून रातोरात जगभर पोचला. फार गोड माणूस, त्याचं यश मनापासून आवडतं मला. त्याआधी तो वर्षानुवर्षं हौशी ऑपेरा मंडळात गायचा, स्वतःचे पैसे घालून इटलीला शिकायला गेला होता, हे टीव्हीवर दोन मिनिटांत कुठे दिसणार. जिंकल्यावर त्याला पैसे मिळाले, अल्बम निघाले, दौरे झाले. पण जगाने त्याला ओळखलं ते त्या एका गाण्याने, भूमिकेने नाही. घरच्या ग्रुपवर ज्यावर भांडण चालतं तो हा प्रकार आहे, आणि तो वाईट नाही, फक्त तो गाण्यासाठी आहे, नाटकासाठी नाही.

कुणी म्हणेल परदेशात बसून बोलणं सोपं आहे. तर इथलंही सांगते. इथे सगळं छान नाहीये. 2022 मध्ये सरकारी कला मंडळाने याच इंग्लिश नॅशनल ऑपेराचं अनुदान काढलं आणि लंडनबाहेर जा म्हणून सांगितलं, केवढा गोंधळ झाला, शेवटी 2023 च्या अखेरीस आमच्या ग्रेटर मँचेस्टरचं नाव ठरलं. ऑपेरा श्रीमंतांचा असा इथे अजून समज आहे आणि तिकिटांचे दर बघितले तर तो खोटाही म्हणता येत नाही. पण एक गोष्ट इथे टिकून आहे, ती म्हणजे हौशी मंडळं. आमच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये दर आठवड्याला तालीम असते, वर्गणी भरायची, आपापली स्वरलिपीची वही आणायची, पेन्सिलने श्वासाच्या खुणा करायच्या, मधल्या सुट्टीत चहा. निवृत्त पोस्टमन आहे, नर्स आहे, शाळेत डबे वाढणारी बाई आहे. मी मागे बसून ऐकते. आवाज काहींचे खरंच चांगले आहेत.

आणि ऐकताना दर वेळी माझा रत्नागिरीचा मावसभाऊ आठवतो. शाळेत शिक्षक आहे, राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकात उतरतो. शाळा सुटली की तालीम, ऑर्गन टेम्पोत घालून आणायचा, ड्रेपरी भाड्याने, तबलजी चिपळूणहून यायचा त्याचं येणंजाणं बघायचं, बायको म्हणते या महिन्यात तुझं तोंड बघायला मिळत नाही. सावरकर नाट्यगृहात प्रयोग होतो, पदांना वन्समोअर येतो, गायनाचं रौप्यपदक मिळतं, पेपरात नाव येतं. आणि संपलं. सहा महिने बसवलेलं नाटक एका रात्रीत संपतं, दुसरा प्रयोग लावायचा तर थिएटरचं भाडं कोण भरणार. सौभद्राला 1882 पासून आजवर ज्या लोकांनी जिवंत ठेवलं त्यात असे शिक्षक, बँकेतले लोक, दुकानदार किती आहेत, आणि गोव्यात तर देवळाच्या जत्रेत गावचीच पोरं उभी राहून पदं म्हणतात. आवाजांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती हो. वर चढायची पायरीच नाही.

मी हे भावाला बोलले तर तो म्हणाला, अगं पण व्यावसायिक संगीत नाटक आहे कुठे, आम्हाला घेणार कोण. रास्त प्रश्न आहे. पण संगीत देवबाभळी बघा ना. आधी ती एकांकिका होती, स्पर्धेत गाजलेली, मग भद्रकाली प्रॉडक्शन्सने ती दोन अंकी करून 2017 मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आणली, दोघीच बायका, लाइव्ह गाणं, आणि लोकांनी हाउसफुल्ल केली. म्हणजे निर्मात्याने हिंमत केली तर प्रेक्षक येतो, हे आपल्याकडेच सिद्ध झालंय, त्यासाठी लंडनचा दाखला लागत नाही. फरक इतकाच की तिथे संहिता वर गेली, मला गाणारी माणसं वर जायला हवी आहेत.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. संगीत नाट्य स्पर्धेत गायनाची पदकं मिळवणाऱ्यांतून दरवर्षी दोघांना एखाद्या व्यावसायिक संस्थेने घ्यावं, जुन्याजाणत्या गायकनटाकडे चार-सहा महिने तालीम द्यावी, नोकरी सांभाळून जमेल अशी, शनिवार-रविवार. आणि मग पुण्यात बालगंधर्वला किंवा दादरला शिवाजी मंदिरला पूर्ण भूमिकेत, नेहमीच्या नटांबरोबर, तिकीट लावून एक प्रयोग. फुकट पास नाही, सत्कार समारंभ नाही, भाषणं नाहीत. टीव्हीवाल्यांना तालमी चित्रित करायच्या असतील तर खुशाल करू दे, उलट बरंच आहे, लोकांना दिसेल तरी की एक पद उभं करायला किती घासावं लागतं.

प्रयोग पडला तर? पडू शकतो. हौशी माणूस आहे, पहिल्या अंकात आवाज लागला आणि तिसऱ्यात बसला असं होईल. कोलिसियमलाही तो धोका होताच की. पण तो धोका घेणं हेच संस्थेचं काम आहे, आणि माझ्या भावासारख्या माणसाला पंधरा वर्षं प्रमाणपत्रं देत राहण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे. पैशाचं म्हणाल तर आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात मी हा विषय काढला, गणपतीच्या मीटिंगमध्ये, आणि एका प्रयोगाच्या थिएटरभाड्यात वाटा उचलायला तयार असलेली माणसं तिथल्या तिथे निघाली. निर्माता हवाय. कुणी तयार असेल तर डिसेंबरच्या सुट्टीतली तारीख धरा, आम्ही बरेच जण तेव्हा तिकडेच असतो, पहिल्या चार रांगांची तिकिटं आम्ही काढतो.